पडायला लागलेला वेळ

नवरा इमारतींना काचा बसवायचा. परांचीची फळी निसटली आणि तो वरून खाली आला, जागीच गेला. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टी संपवून ती रुजू झाली, तेव्हा नववीला नेमका मुक्त पतनाचा धडा लागला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गणिताचे सर घेतील, तुम्ही त्रास करून घेऊ नका. तिने ऐकलं नाही. घरी बसून तरी ती वेगळं काय करत होती? डोक्यात तेच गणित.

फळ्यावर तिने लिहिलं: उंची वीस मीटर, सुरुवातीचा वेग शून्य. पडताना वेग दर सेकंदाला साधारण दहा मीटरने वाढतो. म्हणजे वेळ दोन सेकंद, आणि आदळतानाचा वेग सेकंदाला वीस मीटर. पुढच्या बाकावरच्या मुलीने हिशेब केला, ताशी बहात्तर किलोमीटर. मग विचारलं, जड वस्तू आधी पडते का? हवेचा अडथळा सोडला तर वजनाचा काही संबंध नाही, तिने सांगितलं. तास संपेपर्यंत ती ताठ उभी होती. मग प्रयोगशाळेत जाऊन आतून कडी घातली आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडली.

घरी सासूबाई अंधारात बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून अन्नाला नुसत्या शिवत होत्या. तिने दिवा लावताच त्यांनी विचारलं, "तू शिकलेली आहेस. खरं सांग. पडताना त्याला कळलं असेल का गं?"

उत्तर तिला ठाऊक होतं. दोन सेकंदांत माणूस 'आई' म्हणू शकतो, चांगला दोनदा. ओट्याला धरून तिने ते म्हणून पाहिलं होतं.

"नाही, आई. डोळ्याचं पातं लवतं ना, तेवढाच वेळ. कळायच्या आत संपलं."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी गच्चीवरून बटाटा टाकून पाहिला. तो खाली पोचेपर्यंत माझं त्याचं नाव घेऊन झालं."

ती त्यांच्याजवळ खाली बसली. म्हातारीने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"असू दे. तू म्हणतेस तेच खरं धरू आपण. परत एकदा सांग मला."

तिने सुरुवात केली. 'डोळ्याचं पातं' याच्या पुढे तिला शब्द फुटेना. तेव्हा उरलेलं वाक्य म्हातारीनेच पुरं केलं.