पाण्याच्या मागं राजदूत

मुंजाजी येलदरीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झाला आणि पंधरा दिवसांत साऱ्या कॉलनीला कळलं, की हा माणूस आता मोटारसायकल घेणार आणि तिच्यावर बसून थेट समुद्रापर्यंत जाणार. अठ्ठावन्नाव्या वर्षी लोक नातवंडं खेळवतात, पारावर जाऊन बसतात, फार तर गुडघ्याला तेल चोळतात. याच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. डोक्यात मात्र एकवीस वर्षांपासून एक भुंगा गुणगुणत होता, आणि तो बायकोनं सोडलेला होता.

झालं होतं असं. एकोणीसशे अडुसष्ट साली नोकरी पक्की झाली, क्वार्टर मिळालं, तेव्हा मुंजाजीनं बायनाबाईला मोठ्या ऐटीत धरण दाखवायला नेलं. पाणी इथून आत शिरतं, खाली मोठं चाक फिरतं, त्याची वीज होते, असं सगळं हातवारे करून सांगितलं. बायनाबाईनं काठावर उकिडवं बसून मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आन मग पाणी कुठं जातं?"

"खाली. नदीला."

"ते ठाव हाय की. माझ्या माहेरावरूनच जातं. त्याच्या पुढं कुठं?"

मुंजाजीला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणण्याचं त्याचं ते वय नव्हतं. "तुला काय करायचंय?" असं म्हणून त्यानं विषय मिटवला. बायनाबाई गप्प बसली. पण पुढं एकवीस वर्षं मशीनच्या आवाजात ड्यूटी करताना, सुटलेलं पाणी फेसाळत निघून जाताना त्याला तो सवाल आठवत राहिला. पाणी आत किती आलं, बाहेर किती सुटलं, हे तो रोज लिहीत होता. पुढचं त्याला कुणी विचारलं नव्हतं, फक्त तिनं विचारलं होतं.

रिटायर झाल्यावर त्यानं शाळेतला जुना नकाशा मागून आणला. धरणाची पूर्णा गोदावरीला मिळते, गोदावरी नांदेडवरून बासरला, तिथून आंध्रातून वळणं घेत राजमहेंद्रीला आणि मग समुद्राला. त्यानं बोटानं सगळी नदी चालून काढली आणि घरात जाहीर केलं, "तुझ्या सवालाचं उत्तर दावतो तुला. तयारीला लाग."

बायनाबाई ज्वारी निवडत होती. "बघू," म्हणाली.

शेजारच्या मालनबाईनं विचारलं, "भाऊजी, यष्टीनं का जात न्हाई? ऐटीत बसून जावा."

"यष्टी रस्त्यानं जाती, वैनी. मला नदीनं जायचंय. जिथं नदी दिसंल तिथं थांबायचं, जिथं दिसणार न्हाई तिथं लोकांना इचारायचं. कंडक्टर थांबतोय का मला?"

हे मालनबाईलाही पटलं. आता प्रश्न गाडीचा होता, आणि तिथं मुंजाजीच्या चौकसपणाला ऊत आला. वीस वर्षं ऑफिसच्या गाडीवर टपाल घेऊन जिंतूरला जाऊन आलेला माणूस. चालवायचं भय नव्हतं. पण निवडायची म्हटल्यावर तो परभणी, मानवत, जिंतूर असा हिंडला आणि ज्याच्या ज्याच्या अंगणात मोटारसायकल उभी दिसली त्याला त्याला गाठून विचारत सुटला. किती पाजता? किती चालते? चढाला दम धरते का? चिखलात काय करते? बुलेट त्याला मनापासून आवडली. आवाज ऐकून छाती भरून आली. पण गाळात आडवी झाली तर उचलायला आपल्याबरोबर कोण असणार, असं मनात आलं आणि त्यानं तिला रामराम केला. येझदीवर एक दिवस बसून पाहिलं. नव्या जपानी धाटणीच्या शंभर सीसी गाड्या थेंबभर पेट्रोलवर पळतात म्हणून सगळे सांगत होते; त्याही त्यानं वाकून, खाली बसून पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी तो शेवटी एकच विचारायचा, "आन ही आडगावात बंद पडली तर?"

उत्तर जिंतूरच्या पंडित मिस्त्रीनं दिलं. पंडितचं गॅरेज बसस्टँडला लागून होतं आणि त्याच्या जिभेला त्याच्या पान्याइतकंच काम असे. तो म्हणाला, "मामा, ज्या गावात दूधवाला हाय त्या गावात राजदूत हाय, आन जिथं राजदूत हाय तिथं ती उघडणारा माझ्यासारखा कुणीतरी हाय. तेलंगी असू द्या का कुणी. पान्याची भाषा एकच राहती."

मुंजाजीनं ते ऐकलं. मानवतच्या माणिकराव नावाच्या कापूस दलालाची पाच वर्षं वापरलेली काळी राजदूत त्यानं घेतली. माणिकरावानं गाडी लेकीसारखी सांभाळली होती, देताना टाकीवरून हात फिरवून म्हणाला, "एवढं करा, तिला समुद्र दावा."

मग आला सामानाचा खेळ. रोज सकाळी मुंजाजी पंडितकडे जाऊन बसे आणि गाडीला काहीतरी चढवून आणे. पुढं लेग गार्ड. मागं लांब कॅरिअर. डाव्या बाजूला साडीची जाळी आणि तिच्या खाली बायनाबाईचे दोन्ही पाय मावतील अशी रुंद पट्टी. उजवीकडचं मागचं पायठेवणं काढून टाकलं आणि तिथं पेट्रोलच्या डब्याचा स्टँड वेल्ड केला, कारण बाईमाणूस एकाच बाजूला पाय सोडून बसतं, मग दुसऱ्या बाजूला पायठेवण्याचं काय काम? पत्र्याच्या डिकीत दोन प्लग, क्लचवायर, चेनची कडी, ट्यूब, हवेचा पंप आणि पेट्रोलमध्ये घालायच्या ऑइलचं माप. इतकी बारीक तयारी की पंडित म्हणाला, "मामा, आता फक्त मशीनघर टाकायचं राहिलंय."

सगळं झाल्यावर ट्रायल. येलदरी ते जिंतूर आणि परत. बायनाबाई सहावारीचा पदर खोचून जाळीच्या बाजूला पाय सोडून बसली, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, एक कॅरिअरला.  जिंतूरला उतरली ती वाकडीच उभी राहिली. तोंड एकीकडे, पाय एकीकडे, आणि मधली कंबर कुणाच्याच बाजूची नाही. मुंजाजीचाही उजवा खांदा भरून आला होता, कारण सगळा भार डावीकडं आणि सारी वाट गाडी उजवीकडं ओढून धरावी लागत होती.

पंडितनं मागं टेकायला पाठ लावून दिली. दुसऱ्या ट्रायलला पाठ टेकली, कंबर तशीच राहिली. मग जाड गादी शिवून घेतली. तिसऱ्या ट्रायलहून परत आल्यावर बायनाबाई ओट्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "तुमी जावा. आल्यावर मला सांगा, पाणी कुठं जातं ते. मी ऐकून घीन."

 मुंजाजीला एकटं जाणं अवघड नव्हतं. उलट सोपं होतं. पण सवाल हिचा, आणि उत्तर बघायला आपण एकटे? मग ही गाडी, हा नकाशा, हे दोन प्लग कशासाठी? दोन दिवस तो गाडीभोवती घिरट्या घालत राहिला, जेवणात मीठ आहे की नाही हेही त्याला कळेना. सोमवारी निघायचं ठरलं होतं, आणि सोमवार चार दिवसांवर आला होता.

शुक्रवारी सकाळी तो गाडी पुसत होता. बायनाबाई भांडी घासून आली आणि पहिल्यांदाच गाडीजवळ उकिडवी बसली. धरण बघताना बसली होती तशीच. एक एक वस्तू बोटानं दाखवून विचारू लागली.

"हे काय हाय?"

"साडीची जाळी. पदर चाकात जाऊ ने म्हणून."

"आन ही पट्टी?"

"तुझ्या पायाला."

ती उठून पलीकडं गेली. "आन इकडं पाय ठिवायला काय हाय?"

"तिकडं डबा हाय."

"तुमच्या पायाला दोन्हीकडं हाय. माझ्या का एकीकडंच?"

"बाईमाणूस असंच बसतं की." मुंजाजीनं फडकं थांबवलं.

"कोण सांगितलं? ताडकळसच्या बाजाराला मी बापाच्या घोडीवर दोन्हीकडं पाय टाकून जात होते. कासोटा घातलेला राहायचा. कंबर कधी दुखली न्हाई."

"मग बस की तशी!"

"ह्या साडीत?" ती हसली, पण हसू डोळ्यापर्यंत गेलं नाही. "त्याला लुगडं लागतं. अन् लुगडं तुमीच पेटीत ठिवायला लावलं. इसरलाव?"

विसरला नव्हता. म्हणजे आतापर्यंत विसरला होता, आणि त्या क्षणाला सगळं लख्ख आठवलं. क्वार्टर मिळालं त्याच महिन्यात. साहेबांच्या बायका गोल साडी नेसून फिरायला निघायच्या, आणि बायनाबाई नऊवारीचा कासोटा घालून हापशावर पाणी भरत होती. कुणी काही बोललंही नव्हतं. यालाच लाज वाटली आणि यानं घरी येऊन सांगितलं, कॉलनीत हे चालायचं नाही, गावठी दिसतं. तिनं दुसऱ्या दिवशी लुगडी घडी करून पेटीत टाकली. तेव्हाही ती काही बोलली नाही, जशी पाण्याच्या सवालानंतर बोलली नव्हती.

मुंजाजीला लाज वाटली. साधी, उघडी, अंगभर लाज. एवढ्या गावांत एवढ्या लोकांना विचारत हिंडलो, गाडीच्या एका एका खिळ्याची चौकशी केली, आणि जिला मागं बसायचं तिला एका शब्दानं विचारलं नाही. यंत्र कळणारा माणूस म्हणून जो काही रुबाब त्याच्याकडं होता तो त्या फडक्याबरोबर खाली पडला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.  "तवाही चुकलं. आताही चुकलं. लुगडं काढ."

"लोक हसतील."

"हसू दे. मला हसतील, मी ऐकून घीन."

बायनाबाई आत गेली. मुंजाजीनं पंडितची वाट बघितली नाही. पान्यानं जाळी सोडवली, पट्टी काढली, डब्याचा स्टँड करवतीनं कापून कॅरिअरच्या मागं बांधला आणि फळीवर टाकलेलं उजवीकडचं पायठेवणं शोधून परत बसवलं. मालनबाई कुंपणावरून बघत होती. इतके दिवस सजवलेली गाडी हा का उपटून काढतो आहे, हे तिला समजेना. तेवढ्यात बायनाबाई बाहेर आली. हिरवं इरकली लुगडं, पेटीच्या घड्या जागोजागी उमटलेल्या, कासोटा पक्का. मालनबाईनं तोंडावर हात ठेवला, मग तो काढला आणि म्हणाली, "वैनी, लय दिवसांनी वळखू आल्या तुमी."

शनिवारी सकाळी चौथी ट्रायल. बायनाबाईनं मागं मोठी पिशवी बांधली. भार टाकून बघा, म्हणाली, नुसत्या गाडीची ट्रायल कसली. मुंजाजीला हे शास्त्रशुद्ध वाटलं. ती दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. क्वार्टरसमोरून गाडी निघाली तेव्हा दोनतीन ओट्यांवरून हसणं ऐकू आलं. मुंजाजीचे कान तापले, पण त्यानं मान खाली घातली नाही. धरणाचा रस्ता मागं पडला. कितीतरी वेळ तो उजव्या खांद्याची वाट बघत होता, आणि खांदा दुखतच नव्हता. गाडी हात सोडला तरी सरळ जाईल अशी चालली होती.

जिंतूरला पंडितनं पाना खाली ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहिलं. "मामी! कंबर कशी हाय?"

"हाय तिथंच हाय," बायनाबाई म्हणाली. उतरली नाही.

पंडितनं चाकाची हवा बघितली, चेन बघितली. मुंजाजीनं समाधानानं गाडी येलदरीच्या बाजूला वळवली.

"तिकडं कुठं वळवायलाव?" मागून आवाज आला.

"घरी. ट्रायल झाली की."

"घराला कुलूप हाय. किल्ली मालनबाईकडं दिलीय. एक म्हैना देव्हाऱ्यात दिवा लाव म्हणून सांगितलंय."

मुंजाजीनं गाडी बंद केली, उतरला आणि पिशवी उघडली. वर दुधात भिजवून केलेल्या दशम्या, आठ दिवस टिकतील इतक्या. शेंगदाण्याची चटणी. त्याचे दोन सदरे, धोतर, स्वेटर. तिची दुसरी लुगडी. शाळेचा नकाशा, चार घड्या करून. गाडीचे कागद. आणि सगळ्यांत खाली, फडक्यात गुंडाळलेला एक प्लग, दोघांपैकी जो डिकीत ठेवायचा राहून गेला होता.

"सोमवारी निघायचं ठरलं होतं," तो दुबळ्या आवाजात म्हणाला.

"पाणी थांबलंय का सोमवारसाठी?"

पंडित एवढा मोठ्यानं हसला की स्टँडवरचे लोक वळून बघू लागले. त्यानं न विचारता डब्यात ऑइलचं एक माप जास्तीचं ओतलं आणि दोघांच्या हातात गरम चहा दिला. चहा पिऊन मुंजाजीनं गाडी परभणीच्या रस्त्याकडं तोंड करून उभी केली, किक मारली, आणि ती पहिल्याच किकला उठली.

गावाबाहेर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. बायनाबाईनं पुढं वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"अवं, समुद्राचं पाणी खारं राहतं म्हणत्यात. मग आपलं पाणी तिथं गेल्यावर वळखायचं कसं?"

 मुंजाजीनं पॉवर हाऊसची सगळी वर्षं आठवून पाहिली, नकाशा आठवून पाहिला. मग हँडल नीट धरून तो मोकळ्या गळ्यानं म्हणाला, "मला ठाव न्हाई, बायना. मला बिल्कुल ठाव न्हाई. दोघं बघू."