मागावरची बोली

"आजींना आत काय करायचंय?" क्लबच्या दारावरच्या धिप्पाड रखवालदारानं माईच्या मुलाला विचारलं. विचारलं ते तिच्या डोक्यावरून, ती तिथं नसल्यासारखं.

"नाचायचंय," माईनंच उत्तर दिलं, आणि तेही इतक्या मोठ्यांदा की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

रखवालदार हसला आणि त्यानं दोर बाजूला केला. मुलानं मात्र ओशाळून मान खाली घातली.

माईला ऐकू येत नव्हतं. कोवळ्या वयात ती कापडगिरणीत लागली आणि निवृत्त होईपर्यंत मागांच्या खडखडाटात उभी राहिली. त्या खडखडाटानं तिचे कान एकदम नेले नाहीत, थोडे थोडे करून नेले. आपला आवाज किती चढलाय हे तिला आता कळायचं नाही. पण समोरच्याचे ओठ तिला पुस्तकासारखे वाचता यायचे. विणकाम खात्यातल्या सगळ्याच बायकांना यायचे. तिथं कानांचा उपयोगच नव्हता. दोन मागांच्या पलीकडून सासूच्या तक्रारी, बाळंतपणं, मुकादमाच्या टवाळ्या, सगळं आवाजाशिवाय बोललं जायचं. माई हे नावही तिला तिथंच पडलं, तेव्हा ती जेमतेम विशीतली होती.

आज मुलाचा चाळिसावा वाढदिवस होता आणि हा नाचाचा बेत सुनेचा होता. मुलाचे ऑफिसातले तीन-चार मित्र, दुसऱ्या शहरातून आलेली माईची लेक, आणि शहरातला सगळ्यांत मोठा क्लब. "आईला कशाला न्यायचं? तिला काय कळणार तिथं?" असं मुलगा गेल्या रविवारी त्याच्या घरी जेवताना म्हणाला होता. माई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिनं ते वाचलं, हात धुतले, आणि आपल्या घरी जाऊन निळा झगा इस्त्री करून ठेवला.

आत पाऊल टाकलं मात्र, आणि ती जागच्या जागी थबकली. पायांखालची फरशी थरथरत होती. ती थरथर घोट्यांतून वर चढली, छातीच्या पिंजऱ्यात येऊन घुमायला लागली. गिरणी सोडल्यापासून असं काही तिच्या अंगाला लागलं नव्हतं.

"त्रास होतोय का, आई?" सुनेनं खांद्याला हात लावून विचारलं.

"छे गं," माई म्हणाली. "बरं वाटतंय."

थोड्याच वेळात एक गंमत तिच्या ध्यानात आली. इथं सगळेच बहिरे झाले होते. जो तो दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडत होता, आणि दुसरा "काय? काय?" करत होता. सुनेनं मुलाच्या एका मित्राला तीनदा काहीतरी विचारलं आणि त्यानं तिन्ही वेळा नुसतीच मान डोलावली.

"अरे, ती विचारतेय, बायको का नाही आणलीस," माईनं त्याला सांगितलं. "आणि तू हो हो काय करतोयस?"

मित्र खो खो हसत सुटला. मग काय, सगळ्या टेबलाचा कारभारच माईकडे आला. कुणाला काय प्यायचंय, कुणाचं गाणं लागलंय, कोण कुणाची फिरकी घेतंय, सगळं तिच्यामार्फत जायला लागलं. एकानं लांब कोपऱ्यातल्या जोडप्याकडे बोट दाखवलं. "माई, ते दोघं काय बोलतायत?"

"लोकांचं असं चोरून वाचू नये."

"सांगा की, एकदाच."

"तिला बूट चावतोय म्हणतेय. तो म्हणतोय, काढून टाक."

घरच्या जेवणात कोपऱ्यात बसून ताटाकडे बघणारी सासू ती हीच का, असं सुनेच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिनं माईचा हात धरला आणि तिला सरळ नाचणाऱ्यांच्या गर्दीत नेलं.

माईला नाच असा येत नव्हता. पण या पायावरून त्या पायावर भार टाकत तासन्‌तास उभं राहायला तिला कुणी शिकवायला नको होतं. मागावर सुताचा धोटा इकडून तिकडे पळायचा, तसं अंग आपोआप झुलायचं. तेच ती करायला लागली. सून हसली, माईला बघून तशीच झुलायला लागली. आजूबाजूच्या दोन पोरीही त्यांच्याबरोबर झुलायला लागल्या.

झुलता झुलता माईची नजर सुनेच्या खांद्यावरून पलीकडे गेली. पेयांच्या काउंटरवर पांढरा उजेड होता. तिथं मुलगा आणि लेक उभे होते. त्यांची तोंडं अगदी स्वच्छ दिसत होती. माईनं मुद्दाम वाचलं नाही, पण अक्षर येणाऱ्या माणसाला पाटी दिसली की वाचली जाते, तसंच ते झालं.

"घराला गिऱ्हाईक आलंय," मुलगा सांगत होता.

"आईला सांगितलंस?"

"सांगेन. तिची तिकडे सोय लागली की. म्हाताऱ्या माणसांची चांगली संस्था आहे. डॉक्टर आहेत, रात्रंदिवस कोणी ना कोणी असतं."

"अरे, पण तिला विचारलंस का?"

"विचारायचं म्हणजे ओरडायचं! चार मजल्यांना ऐकू जातं आणि तिला जात नाही."

लेकीनं पाठ वळवली, त्यामुळं ती काय म्हणाली ते कळलं नाही. मुलाचा चेहरा मात्र समोरच होता.

"तू नव्हतीस त्या रात्री. खालच्या मजल्यावर आग, धोक्याची घंटा बोंबलतेय, सगळी इमारत रस्त्यावर, आणि ही आत झोपलेली. मी धावत पोचलो, दार उघडलं तेव्हा मला वाटलं..."

पुढं त्याचे ओठ थरथरायला लागले. थरथरणारे ओठ वाचता येत नाहीत.

माईला पहिल्यांदा आला तो संताप. तिच्या दोन खोल्या, तिनं गिरणीत उभं राहून घेतलेल्या, आणि गिऱ्हाईक याला भेटून जातं! पण त्या थरथरत्या ओठांवरून तिला नजर काढता येईना.

सुनेनं विचारलं, "काय झालं, आई? दमलात?"

"नाही. हे गाणं संपू दे."

चालता माग मधेच सोडून जायची तिला सवय नव्हती. फरशीची थरथर बदलेपर्यंत ती नाचली. मग झगा सारखा केला आणि गर्दीतून वाट काढत काउंटरपाशी जाऊन उभी राहिली.

"मी कुठंही जाणार नाही," ती म्हणाली.

मघा दारात वाजला होता तसाच तिचा आवाज वाजला. पण इथं एकही मान वळली नाही. मुलानं आणि लेकीनं तेवढं ऐकलं.

मुलगा सवयीनं तिच्या कानाशी वाकला. माईनं हनुवटीला धरून त्याचं तोंड समोर वळवलं.

"कानात नको. तिथं आता कोणी राहत नाही. माझ्याकडे बघून बोल. ओरडायचं नाही, नुसते ओठ हलव. येत होतं तुला."

येत होतंच. धाकटी बहीण पाळण्यात झोपलेली असायची तेव्हा मायलेक तासभर असेच बोलत बसायचे. शाळेत गेल्यावर पोरं हसली, आणि त्यानं ते सोडून दिलं.

त्याचे ओठ हलले. "केव्हापासून ऐकतेयस?"

"गिऱ्हाईक आल्यापासून."

लेकीनं कपाळाला हात लावला. मुलगा अगदी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाला, "आई, मला भीती वाटते गं."

इतक्या वर्षांत हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? हे काही कुणाला ओरडून सांगता येत नाही.

"मलाही वाटते," माई म्हणाली. "त्या रात्री जाग आली आणि तुझा चेहरा बघितला, तर मला वाटलं, कोण गेलं बाई? मग कळलं की मीच."

त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. माईनं वर बोट केलं. छतावरचे दिवे झपझप उघडझाप करत होते.

"ते बघ. डोळे मिटले तरी पापण्यांतून आत शिरतात. असला एक माझ्या उशाशी लाव आणि त्या घंटेला जोडून दे. मेलेली माणसंसुद्धा उठून बसतील."

"मिळतात तसे," लेक म्हणाली. "मी उद्याच बघते."

"आणि पडलीस तर?" मुलानं विचारलं. "एकटी, त्या घरात?"

"लहानपणी तू काय कमी वेळा पडायचास? तेव्हा मी तुला संस्थेत ठेवला होता?"

"आई, तसं नाही गं..."

"मला कळतंय तसं नाही ते. मी कायमचं नाही म्हणत नाही. ती जागा मला दाखव, मी बघून ठेवीन. जमेनासं झालं की मीच सांगेन. पण माझ्या माघारी काही ठरवायचं नाही. ठरवायचं ते माझ्यापुढं, मला तोंड दिसेल असं."

तो खाली बघायला लागला. माई थांबली. त्यानं पुन्हा वर बघेपर्यंत थांबली.

"गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, घरात माणूस राहतंय."

त्यानं मान हलवली. एवढं झाल्यावर माईनं त्याला नाचायला ओढून नेलं. तो बापासारखाच नाचला, म्हणजे खांबासारखा. मित्रांनी टाळ्या पिटल्या.

बाहेर पडले तेव्हा रस्ता सुनसान होता. सून आणि लेक टॅक्सी बघायला पुढं गेल्या. मुलगा माईच्या शेजारून चालत होता आणि समोर बघत काहीतरी बोलायला लागला होता. चार पावलांनंतर त्याच्याच लक्षात आलं. तो वळला, तिच्या पुढं झाला आणि उलटा चालायला लागला, तिच्याकडे तोंड करून. एकदा त्याची टाच फुटपाथच्या फरशीला अडली, पण तो सावरला आणि बोलतच राहिला.

रस्त्यावरचे दिवे लांब लांब होते. दिव्याखाली त्याचा चेहरा उजळला की ती वाचायची, लहानपणचं काहीतरी, बापाचं काहीतरी. मधल्या अंधारात चेहरा बुडाला की त्याचं बोलणंही बुडायचं. माईनं त्याला एकदाही थांबवलं नाही. अंधारातही ती त्याच्या तोंडाच्या जागेवर नजर ठेवून, तशीच ताठ, पुढच्या दिव्याकडे चालत राहिली.