रिकाम्या पारड्याची रेघ

“काट्याला सोयरं नसतं रे बाळा. पूड कोणाची ते बघू नकोस, किती भरली तेवढंच सांग.”

मला जुळवणाऱ्या कारागीर बाईंचा हा आवाज अजून माझ्या दांडीत घुमतो. मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला जुना भट्टीकाटा. माझ्या पोटात भट्टी आहे आणि भट्टीत तारेला टांगलेलं नखाएवढं पारडं. धातूची पूड तापली, तिने हवेतला प्राणवायू गिळला, की ती गंजते, जड होते. किती जड झाली, ते मी कागदावर रेघ ओढून सांगतो.

पुष्कळ वर्षं मला मान होता. मग आमच्या सरांनी कारखान्याचा धूर स्वच्छ करणारी नवी पूड केली. “लालबुंद तापवा, गंजायची नाही!” असं ते सगळ्यांना सांगत सुटले. मी तापवली, तर कोमट होताच रेघ वर चढली.

झालं! सगळे माझ्याकडे चोर पकडल्यासारखे पाहू लागले.

“म्हातारचळ लागलाय याला,” सर म्हणाले. पंखा बंद केला, टेबल हलवलं, तरी रेघ चढतीच. मग संशय गेला पूड भरणाऱ्या आमच्या ताईवर.

“उघड्या, तेलकट बोटांनी पारडं धरलंस ना?”

“सर, हल्ली मी भातातला खडासुद्धा चिमट्याने काढते!”

“जीभ चालते तसा हात चालव.”

मलाही कोणाचा भरवसा वाटेना. हवेची नळी गळतेय का? ताईचा हात थरथरतोय का? आणि सर माझी रेघ चढण्याआधीच मान का वळवतात? ज्याला उत्तर माहीत नाही, तो तर डोळे लावून बसतो!

अखेर ठरलं. मी भंगारात आणि ताई कामावरून दूर.

“एकदाच, सर,” ताई म्हणाली. “रिकामं पारडं तापवते. हा खोटारडा असेल, तर रिकाम्यातही वजन दाखवेल.”

भट्टी धगधगली. रेघ सरळ गेली, निजलेल्या तळ्यासारखी.

मित्रांनो, जुन्या यंत्राला पुसा, झाका आणि खोटं ठरवण्याआधी एकदा रिकामं चालवून बघा. माझं एवढंच मागणं.

सरांनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“काटा खरा आहे, पोरी. तुझा हातही. तुझ्या आधी मी एकट्याने ती पूड दुसऱ्या भट्टीत तापवली होती. तेव्हाही ती गंजूनच निघाली.”