चौदा फुटांचा कटर

कटरचं डावं टोक कालव्याच्या पुलाच्या कठड्याला कर्रकन घासलं, तेव्हा नछत्तर सिंगने ब्रेकवर दोन्ही पाय दिले आणि डोळे मिटून घेतले. शिवी अगदी ओठांवर आली होती, ती त्याने गिळली. कारण हार्वेस्टरच्या शिडीवर उभं राहून 'चल, चल, बसतंय' असा हात करणारा माणूस त्याच्या थोरल्या बहिणीचा, निहाल कौरचा, नवरा होता. घरचा जावई. आणि जावयाला शिवी घालायची रीत त्यांच्या घरात काय, अख्ख्या पंजाबात नव्हती.

"वीतभरच कमी पडलं बघ," जगीर सिंग वरून म्हणाला.

"वीतभर नाही जीजाजी. पूल बारा फुटांचा आहे, कटर चौदा फुटांचा. काल रात्रीतून कुणाचीच रुंदी बदललेली नाही."

एवढंही तो कधी बोलला नसता. पण आज सकाळपासून डोकं भणभणत होतं.

सव्वीस वर्षांत नछत्तरने हा हार्वेस्टर कटर लावून एकदाही सडकेवर आणला नव्हता. यंत्र म्हातारं झालं होतं, रंग उडाला होता, पण रीत मोडली नव्हती. पुढचा लांबलचक कटर काढायचा, छोट्या ट्रॉलीवर टाकायचा, साखळीने आवळायचा आणि यंत्राच्या मागे ओढत न्यायचा. त्यात तासभर मोडतो, पण समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचं मुंडकं जागेवर राहतं. गावात नवा ड्रायव्हर तयार झाला की नछत्तर त्याला स्टिअरिंगच्या आधी हे शिकवायचा.

आणि आज त्यानेच ती रीत मोडली होती. जगीर सिंग पहिल्या बसने दारात येऊन उभा राहिला. बहिणीचा गहू उभा आहे, आभाळ भरून येतंय, दुपारच्या आत पोचलंच पाहिजे, कटर काढत बसलास तर झालंच मग, कालव्याच्या रस्त्याने अठरा किलोमीटर तर जायचंय. नछत्तरने आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. त्याच्या बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवून नको नको म्हटलं. पण जावई लस्सीच्या ग्लासालाही हात न लावता उभाच राहिला. तो तसा उपाशी परत गेला असता तर बहिणीला काय तोंड दाखवणार?

शिवाय खरं सांगायचं तर नछत्तर त्या निरोपाचीच वाट बघत होता. यंत्र घेतलं त्या वर्षी पहिली कापणी बहिणीच्या शेतात झाली होती, आणि तेव्हापासून दर हंगामाची सुरुवात तिथूनच व्हायची. वैशाखी होऊन सहा दिवस झाले तरी यंदा तिचा फोन नव्हता. दुसऱ्या दोघांची बोलावणी त्याने उद्या-परवावर ढकलली होती. पहिला घास बहिणीच्या शेताचा, त्याआधी यंत्र दुसरीकडे घालायला त्याचं मन धजत नव्हतं. म्हणून तो निघाला, पण यंत्राला ग्रीस-डिझेल करता करताच दुपार झाली. फक्त एका गोष्टीवर अडून बसला, रिकामी ट्रॉली मागे जोडायचीच. त्यामुळे पुढे कटर आणि मागे तो काढून ठेवायची मोकळी ट्रॉली, अशी ही वरात निघाली होती. वाटेत ओळखीचे दोघे भेटले आणि दोघंही तोंडावर हसले.

आता पुलाच्या पलीकडे बस थांबली होती आणि अलीकडे दुधाचा टेम्पो, त्यामागे दोन ट्रॅक्टर. हॉर्न सुरू झाले. टेम्पोवाला उतरून आला आणि एवढं मोठं धूड असं कुणी आणतं का, म्हणून विचारू लागला. नछत्तरला ते बोलणं जिव्हारी लागलं, कारण हेच वाक्य तो स्वतः लोकांना ऐकवत आला होता. मागे घ्यावं तर ट्रॉली वाकडी होऊन रुतणार. म्हणून आधी ट्रॉली सोडली, ती चार जणांनी ढकलून बाजूला नेली, मग यंत्र इंचाइंचाने मागे घेऊन रस्त्यावर सरळ केलं. बस कशीबशी निघून गेली. बसमधल्या बाया खिडकीतून बघत होत्या.

"आता कटर काढायचा," नछत्तर म्हणाला.

"इथे? त्यात तास जाईल. त्यापेक्षा कटर उचलून धर ना, कठड्याच्या वरून जाईल."

"पंप म्हातारा झालाय जीजाजी. उचललेला कटर हळूहळू खाली बसतो. पुलाच्या मध्यात बसला तर तिथेच घर बांधू आपण."

जगीर सिंगने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, दोन वाजत आले होते. सकाळपासून तो विसाव्यांदा घड्याळ बघत होता. नछत्तरने कटर उचलला आणि टेम्पोवाल्याच्या मदतीने ट्रॉली आडवी खाली सरकवली. नियम असा की खाली बाभळीचा ओंडका टेकवल्याशिवाय कुणी वाकायचंही नाही. तो ओंडका आणायला वळला आणि परत फिरून बघतो तर जगीर सिंग पगडीसकट कटरखाली शिरून कटर यंत्राला धरून ठेवणारी पिन उपसत होता. एक पिन निघालीही होती. वर साडेआठ-नऊ क्विंटल लोखंड, आणि ते खाली बसत चाललेलं.

नछत्तरने ओंडका टाकला, त्याचा दंड धरला आणि खस्सकन बाहेर ओढलं. जगीर सिंग रस्त्यावर बसता झाला. कटर वीतभर खाली उतरून ट्रॉलीवर टेकला.

"मरायचंय का तुम्हाला?" नछत्तर ओरडला. "भैणजीला काय सांगू मी? कसली एवढी घाई लागलीय? ढग कुठे आहे, ढग दाखवा मला."

टेम्पोवाला दोन पावलं मागे सरला.  जगीर सिंगने पगडी चाचपली आणि गुडघ्यावरची धूळ झटकली. ती रस्त्याची धूळ नव्हती, गव्हाच्या कुसळांची होती. मानेवर, कानामागे, शर्टाच्या घडीत, सगळीकडे पिवळी कुसळं. बसने आलेल्या माणसाच्या अंगावर कुसळं कुठून येणार? नछत्तर ती बघत राहिला.

"कापून झाला का गहू?"

"हरगुणने परवा बाहेरचं नवीन यंत्र बोलावलं," जगीर सिंग खाली बघत म्हणाला. हरगुण म्हणजे त्याचा मुलगा. "म्हणतो, मामाचं यंत्र दाणे सांडतं. पोरगं खोटं बोलत नाही, छत्तरा. सांडतंच ते."

"मग मला कशाला आणलंत?"

"एक एकर राहिलाय. तुझी बहीण तिथे खाट टाकून बसलीय काल दुपारपासून. रात्री तेवढी घरी आली. म्हणते, एवढा माझा भाऊ कापेल. नवीन यंत्रवाले आज चारला गाव सोडणार, त्याआधी हरगुण तेवढाही उरकून घेणार म्हणतो. मी सकाळी तुला खरं सांगायलाच आलो होतो. पण तू लगेच ग्रीसचा डबा शोधायला लागलास."

नछत्तरला राग आला, आणि तो नक्की कुणावर हे त्याचं त्यालाच कळेना. एका एकरासाठी अठरा किलोमीटर. एका एकरासाठी कठडा घासला, चारचौघांत शोभा झाली, जावयाचा जीव जाता जाता राहिला. दाणे सांडतं म्हणे. सांडतं, हे त्याला गेली दोन वर्षं ठाऊक होतं. घरी कुणी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

टेम्पोवाल्याने ओंडका उचलून आणून दिला. नछत्तरने दुसरी पिन काढली, कटर फिरवणारा पट्टा सुटा केला, यंत्र मागे घेतलं. मग खिशातून फोन काढून बहिणीला लावला. तिचा आवाज उन्हाने सुकला होता.

"भैणजी, मला उशीर होईल. चार वाजून जातील. कटर काढून येतोय, कालव्याच्या पुलावर आहे."

"सव्वीस वर्षं तू कटर काढल्याशिवाय निघत नाहीस. आज काय झालं?"

जगीर सिंग साखळी हातात घेऊन उभा होता. त्याला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं.

"माझंच चुकलं," नछत्तर म्हणाला. "घाई केली."

 फोनमध्ये तिच्या मागे कुठेतरी दुसऱ्या यंत्राची घरघर चालली होती, अगदी जवळ.

"नीट बांधून आण," निहाल कौर म्हणाली. "मी उठत नाही इथून."

नछत्तरने फोन खिशात ठेवला. मग दर सहा इंचांवर हाताने ओढून बघत त्याने साखळी आवळायला घेतली, आणि दुसरं टोक घट्ट धरायला जावयाला सांगितलं.