वाघ नसल्याची साक्ष

आमच्या टेंभुरखेड्याला काही म्हणजे काही नव्हतं. नदी नाही, जत्रा नाही, विहिरीचं पाणी मचूळ. देव म्हणाल तर एक मारुती, तोही शेजारच्या सावळदरीच्या मारुतीपेक्षा वीतभर बुटका. पण आमच्याकडे वाघ होता. गावामागच्या डोंगरात तो राहतो, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

त्या वाघाचे आमच्यावर फार उपकार. जवळा बाजारला कापसाच्या गाड्यांची रांग लागली की आमच्या माणसांनी एवढंच म्हणायचं, "आमाला वाघाच्या वाटेनं जायचंय." व्यापारी लगेच आमची गाडी पुढे घ्यायचा आणि सावळदरीची माणसं मागे जळफळत बसायची. नको असलेला पाहुणा मुक्कामाला टेकला, तर त्याच्यासमोर नुसता वाघाचा विषय काढायचा. उजेड असेतोवर गडी आपल्या गावची वाट धरायचा. कुणाची शेळी नाहीशी झाली तर ती वाघानं नेली. त्यावर कुणी जास्त विचारपूस करत नसे.

एवढं असून वाघ डोळ्यांनी पाहिलेला माणूस गावात एकच होता, आमचा शेजारी सोनाजी. लग्नाआधी, ऐन जवानीत, डोंगरात त्याची नि वाघाची गाठ पडली आणि पाठीवर वाघाचे पंजे घेऊन तो जिवंत परत आला. पाठीवरचे उभे ओरखडे मी स्वतः पाहिलेत. न पाहून सांगते कुणाला? उन्हाळाभर हा माणूस अंगणात उघडा बसायचा, तोही पाठ रस्त्याकडे करून.

ह्या पराक्रमावर त्याला गोजर मिळाली, असं गाव म्हणायचं. गोजरच्या बापानं तिच्यासाठी सावळदरीचा, भरपूर काळ्या रानाचा धनी पाहून ठेवला होता. पोरगी अडून बसली, करीन तर वाघाशी लढलेल्यालाच. बापानंही अखेर मान डोलावली. सोनाजीचं रान म्हणजे नुसता मुरूम. घर चालायचं ते गोजरच्या दोन म्हशींवर. म्हशीनं शिंग हलवलं तरी सोनाजी चार पावलं मागे सरायचा, पण लग्नाच्या पंगतीत त्याचं पान पहिलं मांडलं जायचं. तेवढ्यावर तो खूश होता. आपल्या बायकोनं आपल्यात काय पाहिलं, याचं उत्तर त्याच्या पाठीवर होतं ना!

तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एका सकाळी गावचा दवंडीवाला देवला हलगी वाजवत आला आणि चौकात थांबून ओरडला, "ऐका हो ऐका! सरकारनं नवा कायदा केलाय. ज्या डोंगरात वाघ आसंल, तो डोंगर शिकारीसाठी राखून ठिवायचा. तिथं ढोरं न्यायची न्हाईत, लाकूड तोडायचं न्हाई, ससा-तितर धरायचा न्हाई, तळ्यात गळ टाकायचा न्हाई, आन तिकडं बघायचं बी न्हाई!"

शेवटचं त्यानं पदरचं घातलं होतं. पण बाकीचं खरं होतं. वाघ आहे की नाही, याचा तपास करायला जंगल खात्याचे साहेब चार-आठ दिवसांत येणार होते.

गाव हबकलं. डोंगर म्हणजे आमचं सगळं. चराई तिथे, सरपण तिथे, सीताफळं तिथे, आणि तळ्यातली मरळ खाल्ली नाही तर आमच्या माणसांना पावसाळा गेल्यासारखा वाटत नसे. गोजर तर माझ्या अंगणात येऊन भांडायलाच लागली, जसा काही कायदा मीच केला होता. "म्हशी काय उशाशी बांधून झोपू मी, मंजुळाबाई?"

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. आम्ही बायका देवळाच्या भिंतीआड घागरी घेऊन उभ्या. पाणी भरायला निघालो होतो असं म्हणायला त्या घागरी बऱ्या पडतात.

व्यंकटराव पाटलांनी खाकरून सांगितलं, "आजपासून आपल्याकडं वाघ न्हाई."

"आजपासून न्हाई पाटील, कधीच नव्हता म्हना," कुणीतरी सुचवलं.

"बराबर. कधीच नव्हता."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी भिंतीआडूनच ओरडले, "मग आमची चांदी कुनी नेली?"

चांदी म्हणजे माझी शेळी. पांढरीशुभ्र, दुधाची. ती वाघानं नेली म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. पारावर सगळे आपापल्या अंगठ्याकडे बघायला लागले. देवला तेवढा सरळ माणूस. तो म्हणाला, "चवीला लई चांगली हुती, बाई."

त्याला चारी बाजूंनी गप्प करण्यात आलं. आमच्या घरचेही त्या मेजवानीला होते. त्यांचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण पाटील त्यांना संतराम म्हणून हाक मारतात. ह्याच माणसानं आपल्या उपरण्यानं माझे डोळे पुसले होते आणि "वाघापुढं कुनाचं काय चालतंय" असं म्हटलं होतं. त्या दिवसापासून चांगला महिनाभर मी त्यांना गोठ्यात झोपवलं. चांदीच्या जागेवरच.

शेळीचा गोंधळ मिटल्यावर पाटील सोनाजीकडे वळले. "सोनाजी, साहेबाला सांगायचं, वाघ न्हाई."

सोनाजी उठून उभा राहिला. "वाघ हुता. म्या खोटं बोलनार न्हाई."

आता काय म्हणावं? गाव उभ्या जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला निघालं होतं, आणि हा एकटा हट्टाला पेटला होता. कुणी पाया पडलं, कुणी दम भरला. शेवटी पाटलांनी त्याला हाताला धरून बाजूला नेलं, ते नेमकं भिंतीजवळ.

"अरं, तुझ्या पाठीवर काय हाय ते तुझं तू जान," पाटील हळू आवाजात म्हणाले. "पर डोंगर गेला तर तुझ्याच घरच्या म्हशी उपाशी मरतील ना?"

सोनाजीचा आवाज रडवेला झाला. "पाटील, वाघ न्हाई म्हनलं तर ती म्हनंल, मग मी ह्या मानसाशी लगीन कशापायी केलं? काय सांगू तिला?"

मला एकदम त्याची कीव आली. गोजर विहिरीकडे गेलेली होती, तिनं हे ऐकलं नाही, आणि मीही तिला सांगितलं नाही. काही गोष्टी शेजारणीनं सांगायच्या नसतात. मला कळतं तेवढं.

साहेब आले ते तंबू, शिपाई आणि दुनळी बंदूक घेऊन. मिशा अशा की त्यांच्याखाली तोंड आहे की नाही, ते बोलल्यावरच कळायचं. त्यांना वाघ हवाच होता. वाघ सापडला की डोंगर राखीव होणार, वरचे मोठमोठे हुद्देदार पाहुणे घेऊन शिकारीला येणार आणि ह्यांचं नाव होणार. लिंबाखाली टेबल मांडून त्यांनी जबान्या घ्यायला सुरुवात केली.

आमच्या माणसांना धड खोटं बोलता येत नाही, पण खरं बोलताना तर ती फारच वाहवतात. पहिला म्हणाला, डोंगरात वाघ नाही. दुसरा म्हणाला, मांजरसुद्धा नाही. आमच्या घरच्यांनी कडी केली. "साहेब, वाघ म्हंजी काय आसतंय, तेच आमाला ठावं न्हाई. त्याला शिंगं आसत्यात का?"

साहेबांनी टाक खाली ठेवला. "पूरा जवळा बाजार बोलता, टेंभुरखेडे में शेर है. तुम लोगां कायकू झूट बोलरे? और वो पंजेवाला आदमी किधर है? बुलाव उसको."

सोनाजी पुढे आला. साहेबांनी खूण केल्यावर त्यानं बंडी काढली. आजवर ती पाठ त्यानं किती ऐटीत मिरवली होती, आणि आज फिरवताना त्याचे खांदे पार पडले होते. साहेब उठून जवळ आले, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि खुशीत म्हणाले, "ये पंजाच है! बोलो, किसने मारा?"

सोनाजीनं गोजरकडे पाहिलं. डोंगराकडे पाहिलं. परत गोजरकडे पाहिलं. "साहेब, ह्ये... ह्ये म्हंजी..." साहेबांनी टाक शाईत बुडवला.

एवढ्यात गोजर डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली. "म्या मारलं."

साहेबांचा टाक शाईतच राहिला.

"तुम कौन?"

"ह्यांच्या घरची."

"इनका नाम बोलो."

गोजरनं तोंड घट्ट मिटलं. साहेबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा दरडावलं. नवऱ्याचं नाव ती मेली तरी घेणार नव्हती, सरकारदरबारी तर मुळीच नाही. अखेर सगळं गाव एका सुरात ओरडलं, "सोनाजी!" साहेबांच्या हातून शाई सांडली.

"किससे मारा?"

"दाताळ्यानं. गोठ्यातला कचरा वढायच्या."

"कायकू?"

"म्हशीला पानी पाजलं न्हाई."

"इत्ती सी बात पे?"

"तहानलेल्या म्हशीला इचारा, इत्ती सी हाय का ते," गोजर म्हणाली.

साहेब काही कच्चे नव्हते. त्यांनी दाताळं मागवलं. गोजर घरी जाऊन ते घेऊन आली, आणि साहेबांनी स्वतःच्या हातांनी ते सोनाजीच्या पाठीला लावून पाहिलं. ओरखडे दाताळ्याच्या दातांपेक्षा एकमेकांपासून लांब लांब होते. साहेबांच्या मिशा वर चढल्या.

"तवा ह्ये बारीक हुते साहेब," गोजर शांतपणे म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन पाठ रुंद झाली. इश्वास बसत नसंल तर पुन्यांदा वढून दाखवू का?"

तिनं दाताळं उचललं मात्र, सोनाजीनं अशी उडी मारली की तो थेट साहेबांच्या टेबलामागे जाऊन पोहोचला. आमच्या सगळ्यांच्या जबान्यांवर साहेबांचा विश्वास बसला नव्हता, पण त्या उडीवर बसला. तसली उडी शिकवून येत नाही. साहेबांनी सोनाजीकडे फार जिव्हाळ्यानं पाहिलं, स्वतःच्या डब्यातलं पान त्याला दिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "अब भी मारती क्या?" मग खाली बसून लिहून टाकलं, इथे वाघ नाही. बंदूक, तंबू आणि मिशा त्याच दिवशी कळमनुरीच्या रस्त्याला लागल्या.

डोंगर वाचला. गाव हसून हसून लोळलं. माणसं एकमेकांना काठ्या दाखवून उड्या मारत होती, आणि त्यात आमच्या घरचे सगळ्यांत पुढे. मला मात्र हसू येईना. सोनाजी कुठेच दिसत नव्हता.

दिवस कलल्यावर गोजर म्हशी आणायला डोंगरात निघाली. मीही माझी कालवड आणायला तिच्यासोबत गेले. सोनाजी तळ्याच्या काठी बसला होता, एवढ्या उकाड्यात बंडीची सगळी बटणं लावून. मी करवंदीच्या जाळीशी थांबले. कालवड कुठे दिसतेय का ते बघत होते, असं समजा.

"आता सगळा बाजार म्हनंल, बायकूचा मार खातो," सोनाजी म्हणाला.

"म्हनू द्या."

"वाघ हुता, गोजर."

गोजर त्याच्या शेजारी टेकली. "माझ्या आबाच्या परसाच्या कुंपनाची, बोराटीची कुपाटी हुती ती. आन मागं आमचं काळं कुत्रं लागलं हुतं."

सोनाजी तिच्याकडे वळला. "तुला ठावं हुतं?"

"तुमच्या धोतराची चिंधी काट्यावरनं सकाळी म्याच काढली. आबाला दिसली आसती म्हंजी?"

"मग वाघाचं ऐकून लगीन काहून केलं?"

"वाघाचं निमित्त आबासाठी पाहिजे हुतं," गोजर म्हणाली. "मला बघाया कुपाटीत घुसलात, म्हून म्या केलं."

सोनाजीनं पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं. माझेही डोळे भरून आले, उगीच कशाला खोटं सांगू. चांदी गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

मग आम्ही निघालो. पुढे म्हशी, मागे गोजर, तिच्यामागे म्हशींपासून बेतानं लांब सोनाजी, आणि सगळ्यांच्या मागे मी. उतार संपला. पांदीच्या वाटेत शिरल्यावर सोनाजी जरा पुढे सरकला.

"गोजर, पर कुत्रं लई मोठं हुतं."

"व्हय."

"वासराएवढं."

"व्हय, हुतं की."

गावची घरं दिसायला लागली. सोनाजीनं बंडीचं वरचं बटण सोडलं, मग दुसरं.

"आन एकलं नव्हतं ते. दोन तरी हुती."

गोजरनं म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला वाटेला लावलं.

"तीन हुती," ती म्हणाली. "म्या मोजलीती."