मोठ्या बाईंच्या दुरुस्त्या

शाळेत पाचवीच्या दोन तुकड्या. अ तुकडी धाकट्या बाईंची, ब मोठ्या बाईंची. धाकट्या बाई लहानपणी याच मोठ्या बाईंकडे गणित शिकलेल्या. आता एका टेबलाशी बसत असल्या तरी त्यांना हाक मारताना आवाज आपोआप खाली यायचा.

गेल्या वर्षी पाठ-नियोजनाच्या वह्या गेल्या आणि ऑनलाइन फाइल आली. दोघींची मिळून एकच. मोठ्या बाईंनी आधी नाक मुरडलं, पण महिन्याभरात अशा तयार झाल्या की धाकटीलाच दटावायच्या, "अगं, कमेंट टाकलीये. वाचलीस, की नुसतीच टिक केलीस?"

यंदा सहामाही झाली आणि मोठ्या बाईंच्या पाठांत कुठेतरी बिनसलं. एकच पाठ सोमवारी, बुधवारी आणि पुन्हा गुरुवारी. मग एका सकाळी अपूर्णांकांच्या बेरजेत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, बरोबर दोन पंचमांश! धाकट्या बाईंनी ते दोनदा वाचलं. निवृत्तीला जेमतेम पाच महिने. बत्तीस वर्षं पोरांना छेद समान करायला शिकवणाऱ्या बाईची अशी शोभा व्हावी? छे! मुख्याध्यापिका फाइल उघडायच्या आत धाकट्या बाई येऊन बसू लागल्या. चूक खोडायची, बरोबर लिहायचं, हूं की चूं नाही. सात आठवडे हेच. आपण बाईंना सांभाळतोय या विचाराने, खोटं कशाला बोला, त्यांना थोडं बरंही वाटायचं.

एका रिकाम्या तासाला मोठ्या बाई लॅपटॉप आणि एक छापील कागद घेऊन शेजारी बसल्या.

"कागद आणि फाइल जुळेना, म्हणून शोधलं. आधी काय होतं, कुणी बदललं, सगळं दिसतं की गं यात."

पडद्यावर ओळीने सकाळच्या वेळा, आणि प्रत्येक वेळेपुढे धाकट्या बाईंचं नाव.

"बाई, मला वाटलं, थोडेच महिने तर राहिलेत..."

"चिडले नाहीये मी. डोकं साथ देत नाही, ते मलाही कळतंय. एवढंच सांग, वर्गात मी कशावरून शिकवते?"

धाकट्या बाईंची नजर त्या छापील कागदावर गेली. मोठ्या बाई आदल्या संध्याकाळीच पाठ छापून घरी न्यायच्या आणि त्या कागदावरूनच शिकवायच्या. सकाळच्या दुरुस्त्या त्यावर कुठून येणार? रोज डोळ्यांदेखत छपाई व्हायची, आणि एवढी साधी गोष्ट टाळक्यात शिरली नाही!

मोठ्या बाईंनी ब तुकडीच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. पहिल्या वहीत दोन पंचमांश. दुसरीत तेच. दोन्हींत खाली लाल पेनाने 'शाबास'.

"एका मुलीनं छेद समान करून बरोबर सोडवलं होतं. मी फुली मारली. ती रडली, तर वर ओरडले तिला." "तू सांगितलं असतंस ना, तर मी दोन दिवस रडले असते. बस्, एवढंच झालं असतं."

"मी शिकवते त्यांना पुन्हा. दोन्ही तुकड्या घेते, बाई. तुम्ही नुसत्या बसा."

"राजीनामा देऊन आलेय आत्ता." बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "फक्त त्या मुलीला सांगायचंय, तुझंच बरोबर होतं म्हणून. मघापासून आठवून बघतेय, पण ती कोण, तेच आठवत नाही गं."

धाकट्या बाईंनी गठ्ठा पुढे ओढला आणि एकेक वही उघडून ती लाल फुली शोधू लागल्या.