जीभसाहेबांची सुट्टी

चहाच्या कंपनीत बत्तीस वर्षं चहा चाखायची नोकरी केल्यामुळे ऑफिसात त्याला सगळे जीभसाहेब म्हणत. घरी तसं कुणी म्हणत नसे, पण वागत मात्र तसंच. जेवायला बसलं की पहिला घास त्याचा. तो घास तोंडात घोळवणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार, "मीठ अर्धी चिमूट कमी." किंवा, "कोबी दोन मिनिटं जास्त शिजलाय." मग बाकीच्यांनी खायला सुरुवात करायची आणि निकालाला माना डोलवायच्या. मुलगी याच शिस्तीत वाढली. मीठ कमी आहे हे कळायला सरकारी परवाना लागतो, असं तिला लहानपणी खरंच वाटायचं. जावई दाताचा डॉक्टर, दिवसभर लोकांची तोंडं उघडणारा. पण सासऱ्यासमोर त्याचं स्वतःचं तोंड कधी उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

अशा या माणसाचं नाक आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं. निमित्त साध्या तापाचं. ताप तीन दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं ढोबळ कळायचं, अर्ध्या चिमटीचा फरक नाही. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि "वास परत येईल किंवा येणार नाही" असं छातीठोक सांगितलं.

दुसरा कुणी असता तर घरी येऊन सांगून मोकळा झाला असता. हा कसला सांगतोय! झाकली मूठ सव्वा लाखाची. जिभेशिवाय आपल्यात आहे काय, असा प्रश्न त्याने स्वतःला एकदा आंघोळ करताना विचारला होता आणि उत्तर सुचायच्या आत पाणी संपलं होतं. ऑफिसात त्याने शक्कल लढवली. चहाचे कप ओळीने लागले की हाताखालच्या बाईंना म्हणायचं, "आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटतं?" बाई सांगायच्या. हा गंभीरपणे मान हलवायचा, "बरोबर. मला हेच ऐकायचं होतं." दोन महिन्यांत वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, की माणसं घडवावीत तर यांनी.

घरी तर त्याहून सोपं. चूक काढायची तर आधी ती कळायला हवी. त्यामुळे तो प्रत्येक घासाला "वा!" म्हणू लागला. पहिल्या दिवशी बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून ताप उतरलाय ना, ते बघितलं.

आणि मग मुलीने सुट्टीचा बेत आखला. खास बाबांसाठी. डोंगरातलं एक गाव, तीन दिवस. पहिल्या दिवशी वाइन चाखायची, दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा आणि रोज संध्याकाळी बाहेर जेवायचं. नाक गेलेल्या माणसाला चाखायला आणि गुडघे गेलेल्या माणसाला चढायला न्यायचं, याला म्हणतात योग. गुडघ्यांचं त्याने सांगून बघितलं. "बाबा, हळूहळू चढू," मुलगी म्हणाली. नाकाचं सांगायची हिंमत झाली नाही.

वाइनच्या तळघरात दगडी भिंतींना लागून लाकडी पिंपं होती आणि मधल्या लांब टेबलाभोवती बारा-पंधरा पाहुणे. माहिती सांगणारी बाई हसरी होती. मुलीने लगेच तिच्या कानावर घातलं, "माझे बाबा चहाचे परीक्षक आहेत. बत्तीस वर्षं!" झालं. सगळे पाहुणे त्याच्याकडे बघू लागले. त्याने पोट आत घेतलं.

प्रत्येकापुढे तीन ग्लास आले. "यातली एक बाटली मुद्दाम ठेवली आहे," बाई म्हणाली. "तिचं बूच बिघडलंय आणि वाइन वाया गेली आहे. कुठली ते ओळखा बघू."

ओळखायला नाक नव्हतं. पण हात सवयीने चालू लागले. ग्लास उजेडात धरला, फिरवला, आणि चहा चाखतात तसा सुर्रर्र करून असा घोट ओढला की शेजारच्या आजी दचकल्या. मग तो कोपऱ्यातल्या पिकदाणीत चार हातांवरून नेम धरून थुंकला. लोकांनी "वा!" केलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं आपल्याकडे आता एवढंच शिल्लक आहे, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. पहिला ग्लास ओला पुठ्ठा. दुसरा ओला पुठ्ठा. तिसरासुद्धा ओला पुठ्ठाच, पण त्याचा रंग जरा खोल होता. रंगावर भिस्त ठेवून त्याने डोळे मिटले.

"तिसरी," तो म्हणाला. "तिसरी यातली राणी आहे. पिकलेलं अंजीर. थोडा धूर. आणि शेवटी... जुन्या लाकडाच्या कपाटाची आठवण. वाया गेलेली पहिली."

"अंजीर! हो, अंजीर आहे," मुलगी म्हणाली. जावयाने ग्लास नाकाशी नेला, त्याचा चेहरा क्षणभर आक्रसला, आणि तो म्हणाला, "धूर जाणवतोय." बायकोने तर तिसरा ग्लास पूर्ण संपवला.

मग बाईने हात वर करायला सांगितलं. टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्यांनी खराब म्हणून तिसरा ग्लास दाखवला. या चौघांनी पहिला.

तिसराच खराब होता. "भिजलेल्या गोणपाटासारखा वास येतो, बघा," बाई म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून घाईघाईने, "प्रवासाने नाक चोंदतं कधीकधी." शेजारच्या आजी नातवंडाकडे बघावं तशा त्याच्याकडे बघून हसल्या.

"मला आला होता वास," परत येताना मुलगी हळूच नवऱ्याला म्हणाली. "पण बाबा म्हणाले अंजीर, म्हणून मला वाटलं अंजिराला असाच वास येत असेल." हे त्याला गाडीच्या पुढच्या सीटवर ऐकू आलं. नाक गेल्यापासून कान फार तिखट झाले होते.

बायको मात्र संध्याकाळभर हसत होती. "सर्दी झालीय त्यांना," असं ती हॉटेलच्या माणसालासुद्धा सांगून आली.

दुसऱ्या दिवशी डोंगर. मुलगी आणि जावई पुढे गेले. हा मागे, दर वीस पावलांना बुटाची नाडी बांधायला वाकणारा. सुटलेली नव्हती, पण दम लागला म्हणण्यापेक्षा ते बरं दिसतं. बायको त्याच्याबरोबर रेंगाळत चालत होती. वर झाडी विरळ झाली तिथे एक मोठा दगड होता, त्यावर दोघं बसली.

"एक सांगायचंय," दोघं एकाच वेळी म्हणाली.

"तू आधी," तो म्हणाला. आयुष्यात ज्या चुका त्याला भोवल्या त्यातली ही पहिल्या तीनांत बसेल.

"मी नोकरी सोडतेय," ती म्हणाली. ती हॉस्पिटलात सव्वीस वर्षं पेशंटच्या फायली लावत होती. "सोमवारी राजीनामा देणार. हॉस्पिटलसमोरची ती बंद पडलेली बेकरी आहे ना, मालकीण भाड्याने द्यायला तयार आहे. मी जेवणाचं दुकान काढणार. दहा टेबलं. दुपारचं जेवण फक्त."

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. तिला वाटलं, दम लागलाय.

"हसू नका हं. मला कधी वाटलंच नव्हतं की मला जमेल. तीस वर्षं तुमच्यापुढे ताट ठेवायचं म्हणून सगळं मोजूनमापून केलं. चिमूट टाकायची, परत थोडी काढून घ्यायची. शाळेत तपासणी असल्यासारखं रोज दोन वेळा. आणि मग तुम्ही एकदम 'वा' म्हणायला लागलात. आठ महिने! एकदासुद्धा नाव ठेवलं नाहीत. मग माझी भीडच चेपली. मोजणं सोडलं मी. मनाला येईल ते टाकते." ती लाजून हसली. "बाकी लोक काय, तोंडदेखलं बोलतात. पण तुमची जीभ पास करतेय म्हटल्यावर मला कुणाची भीती?"

समोर दरी होती. उडी मारायला चांगली जागा होती, पण गुडघे दुखत होते.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला. "बूट चावतोय."

उतरताना त्याला स्वतःची शिसारी आली. गेलेलं नाक लपवायला त्याने हजार वेळा "वा" म्हटलं होतं, आणि त्या हजार खोट्या "वा"च्या भरवशावर ही बाई सव्वीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती. दुकान चाललं नाही तर? सांगितलं तर तिचं मन मोडणार, नाही सांगितलं तर सोमवार येणार. आज शनिवार होता.

संध्याकाळी जेवायला गेले ते हॉटेल छोटंसं होतं, खिडकीत मेणबत्त्या. सूप आलं. तिघंही चमचे हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत बसली. काल गोणपाटाला राणी म्हणालेल्या माणसाकडे! त्याला एकदम भडभडून आलं.

"मला चव कळत नाही," तो म्हणाला.

"सर्दी आहे ना," मुलगी म्हणाली.

"सर्दी नाही. आठ महिने झाले. त्या तापात माझा वास गेला. काही कळत नाही मला. हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी, ते मी रंगावरून सांगतो." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "ते सगळे 'वा' खोटे होते. तू सोमवारी राजीनामा देऊ नकोस."

बायकोने चमचा खाली ठेवला, अगदी सावकाश. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे."

ती मुलीकडे वळली. "तू सांग. मी कसा स्वयंपाक करते?"

"चांगला," मुलगी म्हणाली. "म्हणजे... बाबा म्हणायचे तसं..." तिचे डोळे भरून आले. आईच्या हातचं आयुष्यभर खाल्लं होतं आणि तिच्याजवळ स्वतःचं असं सांगायला काही नव्हतं.

"आई," जावई म्हणाला. सगळ्यांनी चमकून बघितलं, कारण तो स्वतःहून बोलला होता. "रागावणार नसाल तर सांगतो. लग्नानंतर पहिली तीन वर्षं रविवारी तुमच्याकडे यायच्या आधी मी गुपचूप दोन केळी खाऊन यायचो."

"का?"

"जेवण बरोबर असायचं. काहीच चुकलेलं नसायचं. पण घशाखाली उतरायचं नाही." त्याने घाम पुसला. "आता मी शनिवारी रात्री कमी जेवतो. रविवारी जागा राहावी म्हणून. मागच्या महिन्यात तुम्ही वांगी केली होती, ती मला बुधवारी पेशंटच्या दाढेत सिमेंट भरताना आठवली."

"आता म्हणजे कधीपासून?" सासूने विचारलं.

जावयाने सासऱ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. "सात-आठ महिने झाले असतील."

जीभसाहेबांना हिशोब कळायला वेळ लागला नाही. त्याच्या घरात आजवरचा सगळ्यात चांगला स्वयंपाक गेले आठ महिने होत होता. तो त्याने रोज दोन वेळा खाल्ला होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा. आणि त्याआधीची तीस वर्षं तो झाला नाही, कारण त्याची जीभ चालू होती. त्याला रडू आलं. बायकोच्या, मुलीच्या, जावयाच्या आणि वेटरच्या देखत आलं.

"कसं लागतं गं ते?" त्याने विचारलं. "ती वांगी?"

बायकोने त्याला रुमाल दिला. मग तिने चमचा उचलला, सूप घेतलं, चाखलं, आणि कुणालाही काही न सांगता दुसरा चमचा घेतला.

"सोमवारी मी राजीनामा देणार आहे," ती म्हणाली.

"दे," तो म्हणाला. "आणि डॉक्टर म्हणालेत, नाक कधीतरी परतही येईल."

"आलं तर मला सांगू नका," ती म्हणाली. "आठ महिने लपवलंत ना? तसंच तेही लपवा."